कारवारच्या गाळातलं सह्याद्रीचं रान

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते : कारवारसमोरच्या समुद्रतळाच्या गाळात जे परागकण सापडले, त्यांवरून दिसतं की सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून आपल्या पश्चिम किनाऱ्याची हवा आधीइतकी दमट राहिली नाही. क्लोद कारातिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेलं हे काम. या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आलाय. आंब्याच्या मोहरावर खपून लिहिलेल्या पानभर मजकुराकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही! असो. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, त्यातली काही निवडली आहेत.

प्रश्न : परागकण असायचे ते फुलात, वाऱ्यावर, नाहीतर मधमाशीच्या पायाला. ते समुद्राच्या तळाशी पोचतात कसे? पोचले तरी खाऱ्या पाण्यात कुजत कसे नाहीत? आणि जंगलाचीच माहिती हवी असेल तर समुद्रात कशाला जायचं, जंगलात खणावं की! (एक शिक्षिका, देवरुख)

उत्तर : मुख्यतः नदीनं पोचतात. तुमच्या इथली कुठलीही नदी आषाढात पाहा. ते लाल पाणी म्हणजे नुसती माती नव्हे. रानात वर्षभर जमिनीवर पडलेले परागकण आणि नेच्यांचे बीजाणू त्या मातीबरोबर धुऊन निघतात. कारवारला समुद्राला मिळणारी काळी नदी जोयड्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते. वर सदाहरित रान, दांडेलीकडे सागवान-ऐनाचं पानझडी रान, मुखाशी खारफुटी, असं सगळं पार करत ती दोनशेएक किलोमीटरच्या आत समुद्र गाठते. तिच्या मुखासमोरच्या चिखलात या तिन्ही रानांची हजेरी लागते. परागकण नद्यांच्या मुखासमोर आणि बारीक गाळातच दाट सापडतात, हे यान म्युलर यांनी १९५९ मध्ये ओरिनोको नदीच्या त्रिभुज प्रदेशात दाखवलं. पुढे लिंडा ह्यूसर यांना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरही तेच आढळलं. वाराही आपला वाटा आणतोच. अरबी समुद्रात वायव्येकडच्या कोरड्या मुलखातले कण येतात, ते वाऱ्यानं.

एकटा परागकण पाण्यात बुडायला फार वेळ घेईल आणि प्रवाह त्याला कुठच्या कुठे नेईल, अशी शंका कुणी घेतली तर ती रास्त आहे. पण तो एकटा बुडत नाही. चिखलाच्या कणांच्या गुठळ्या होतात, त्यांत तो अडकतो. शिवाय समुद्रातले सूक्ष्म प्राणी त्याला गिळतात आणि विष्ठेच्या जड गोळीतून खाली सोडतात. मार्ग फारसा शोभिवंत नाही, पण झटपट.

आता कुजण्याचं. परागकणाच्या आतला जिवंत ऐवज लवकर जातो, उरतं ते बाहेरचं कवच. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट पदार्थांत त्याची गणना होते. किती चिवट? प्रयोगशाळेत आम्ही गाळाचा चमचाभर नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतो, त्यात शंखशिंपल्यांचा चुना विरघळतो. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात. हे आम्ल वाळू खातं, काच खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची लागतात. कातडीवर थेंब पडला तर थेट हाडापर्यंत त्रास पोचतो, म्हणून जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटची नळी उघडून ठेवल्याशिवाय मी कुणाला त्या बाटलीला हात लावू दिला नाही. या सगळ्यातून शेवटी नळीच्या तळाशी जो काळपट साका उरतो, त्यात परागकण असतात, नक्षीसकट. आम्लांना तो दाद देत नाही. त्याचा शत्रू प्राणवायू. जमीन आलटून पालटून भिजली-सुकली की कवच खलास होतं, आणि आपल्या पावसाळी-उन्हाळी मुलखातली जांभ्याची जमीन नेमकं तेच करते. म्हणून जंगलात खणून फारसं हाती लागत नाही. समुद्रात मात्र बारीक चिखल भराभर साचतो आणि कणांना झाकून टाकतो.

कण टिकवणारी दुसरी जागा म्हणजे तळ्याचा गाळ. पण नैसर्गिक जुनी तळी कोकणात आहेत कुठे? घाटावर लोणारसारखं एखादं भाग्यानं मिळतं. शिवाय तळं सांगतं ते आपल्या काठापुरतं. नदीमुखासमोरचा गाळ अख्ख्या खोऱ्याचं सांगतो. आणखी एक सोय अशी की त्याच गाळाच्या त्याच थरात फोरॅमिनिफेरा या एकपेशी जीवांची चुनखडी कवचं असतात. त्यांवरून थराचं वय काढता येतं, समुद्राची स्थितीही कळते. जमीन काय करत होती आणि समुद्र काय करत होता, हे एकाच चमचाभर चिखलात शेजारी शेजारी मिळतं. माझ्या मते समुद्रात जाण्याचं खरं कारण हेच.

प्रश्न : मी आयुष्यभर हिशेब तपासले. तीनशे कण मोजायचे आणि हजारो वर्षांच्या हवामानाचा ताळेबंद मांडायचा, हे मला पटत नाही. समजा, तीनशेत साठ कण गवताचे निघाले, म्हणजे काय तेव्हा वीस टक्के जमिनीवर गवत होतं? (एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)

उत्तर : नाही. आणि तसं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्याचे हिशेब जरूर तपासा.

आधी आकड्याचं बोलू. तीनशेत साठ म्हणजे वीस टक्के, पण मोजणीतली नुसती योगायोगाची चूक धरली तरी तो आकडा साधारण सोळा ते पंचवीसच्या मध्ये कुठेही असू शकतो. शंभरच कण मोजले तर ही पट्टी आणखी रुंदावते. म्हणून वरच्या थरात वीस आणि खालच्यात तेवीस निघाले तर जाणकार माणूस गप्प बसतो. वीसचे चाळीस झाले आणि पुढच्या थरांतही चाळीसच्या आसपास राहिले, तर बोलायला सुरुवात करतो.

टक्केवारीत आणखी एक लबाडी आहे, ती तुम्हाला लगेच कळेल : एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा आपोआप घटलेला दिसतो, मग तो प्रत्यक्षात घटला असो वा नसो. तिच्यावर उपाय म्हणून नमुन्यात सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची एक गोळी टाकतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात या गोळ्या तयार होतात आणि प्रत्येकीत किती बीजाणू आहेत हे ठाऊक असतं. मोजताना ते किती भेटले यावरून दर ग्रॅम गाळात खरे परागकण किती होते, हे निघतं. तेव्हा वाटा आणि रक्कम, दोन्ही तपासली जातात.

पण खरी अडचण मोजणीची नाहीच, झाडांच्या स्वभावाची आहे. वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं मनसोक्त उधळतात. कीटकांवर भिस्त असलेली हात राखून असतात. वड-उंबराचा पराग तर चिलटाएवढ्या गांधीलमाश्या फळाच्या आतल्या आत नेतात, तो बाहेर पडणार कसा! आमराईनं भरलेल्या खोऱ्याच्या गाळातही आंब्याचे कण शोधून काढावे लागतात. खारफुटीतही तोच प्रकार : कांदळ परागाची रेलचेल करतो, तिवर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून कांदळाचे कण बऱ्याचदा मुख्य बेरजेतून बाहेर ठेवून वेगळे मोजतात, नाहीतर तोच सगळा हिशेब गिळतो.

आणि ओळख पटवायची गोष्ट. सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून गवताचा कण बघितला, तर एक गोल गुळगुळीत चेंडू दिसतो, त्याला एकच भोक आणि भोकाभोवती जाडसर कडं. सुंदर दिसतो, पण कुसळीचा असो, भाताचा असो की बांबूचा, सगळे जवळपास एकसारखे. कुसळी माळावरची, बांबू ओल्या रानातला. राजगिरा-चाकवताच्या कुळातला कण दिसायला अगदी गोल्फचा चेंडू, अंगभर खळगे. कूळ लगेच कळतं, जात कळत नाही. सगळ्यात मला छळलं ते एका छोट्या कणानं. वीसेक मायक्रॉनचा, त्याला तीन खऱ्या चिरा आणि त्यांच्यामध्ये तीन खोट्या. हा ऐन, किंजळ, हिरडा यांच्या कुळाचा असू शकतो आणि महाबळेश्वर-माथेरानच्या अंजनीच्याही. एक पानझडीचा, दुसरी सदाहरित. बहुतेक तक्त्यांत दोन्ही कुळं एकाच रकान्यात घालावी लागतात, आणि तो रकाना दिसला की मी आजही त्यावरून फार मोठं अनुमान काढू देत नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? एका थरातल्या एका आकड्यावर नको. तीच नदी, तेच खोरं, तीच उधळी आणि कंजूष झाडं. या सवयी खालच्या थरातही होत्या आणि वरच्यातही आहेत. त्यामुळे थराथरांतला फरक वाचायचा. सगळ्यात वरचा, म्हणजे आजचा गाळ आजच्या रानाशी ताडून बघायचा, की कंजूष कोण ते कळतं. आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा साक्षींची गाठ घालायची. गवताचं उदाहरण घ्या. कुसळी, ज्वारी, बाजरी ही सी-४ पद्धतीनं अन्न तयार करणारी गवतं. भात आणि बांबू सी-३ वाले. दोघांच्या कार्बनचं वजन वेगळं पडतं. पानांवरच्या मेणातही तो फरक उतरतो आणि ते मेणही नदीबरोबर समुद्रात जातं. २००६ मध्ये गॅस हायड्रेटच्या, म्हणजे समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या, शोधासाठी ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजानं गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरहून खोल पाण्यात भोक पाडलं होतं. तिथल्या गाळातल्या मेणावरून कामिलो पोंटोन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून आणि पुन्हा १७०० वर्षांपूर्वीपासून गोदावरी खोऱ्यात कोरड्या मुलखातल्या वनस्पती वाढत गेल्या. गोदावरीचं खोरं म्हणजे नाशिकपासून मराठवाडा-विदर्भ धरून आंध्रापर्यंत. पुढे कोराली झोर्झी यांच्या गटानं त्याच कोअरमधले, म्हणजे त्या भोकातून काढलेल्या गाळाच्या उभ्या कांडीतले, परागकण मोजले. त्या गटात पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटची मंडळी होती.

ताळेबंद जुळला का, असं तुम्ही विचाराल. दिशा जुळते, तारखा तंतोतंत जुळत नाहीत. लोणारच्या गाळात दीर्घ दुष्काळाचे दोन काळ सापडले : साधारण ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. गोदावरीसमोर ४००० आणि १७००. कारवारला ३५००. या तफावतीचा एक भाग किरणोत्सारी कार्बनवरून केलेल्या कालमापनातूनच येतो. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळात सुमारे ४०० वर्षांनी जुना दिसतो, तो वजा करावा लागतो. वर कार्बनी वर्षांची कॅलेंडरची वर्षं करताना आकडा आणखी हलतो. पण तेवढ्यानं सगळं भागत नाही. ओल्या कोकणपट्टीला आणि दख्खनच्या माळाला मान्सूनचा फटका एकाच वर्षी बसायचं काही कारण नाही. २०१८ मध्ये मेघालयातल्या मॉमलूह गुहेत सापडलेल्या दुष्काळाच्या खुणेवरून ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं, तेव्हापासून जो तो आपापला दुष्काळ ४२०० वर नेऊन बसवतोय. मला हा घायकुतेपणा वाटतो. जिथे ३५०० निघतात तिथे ३५०० लिहावं.

प्रश्न : आमच्या खाडीत गेल्या काही वर्षांत खारफुटी बेसुमार माजली आहे. उद्याचे शास्त्रज्ञ आमच्या गाळात कांदळाचे कण बघून ‘त्या काळी पाऊस फार’ असं म्हणतील का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न. नुसता कांदळ मोजला तर म्हणतीलही! वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राची खारफुटी २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होती, २०२१ च्या अहवालात ती ३२४ झाली. पाऊस काही त्या पटीत वाढलेला नाही. खाड्या गाळानं भरल्या, खाडीचं पाणी अडवणारे खारलँडचे बांध फुटले आणि शेती ओस पडली, २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तोडीला आळा बसला. यातलं कुठलंच कारण आभाळातलं नाही.

जुन्या गाळातही हा पेच आहेच. हिमयुगाच्या ऐन भरात, २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा आजचा उथळ समुद्रतळ तेव्हा कोरडी जमीन होता आणि खाड्या, खारफुटी सगळं शेकडो किलोमीटर पश्चिमेला. बर्फ वितळायला लागल्यावर समुद्र आत सरकत आला आणि त्याच्या कडेनं खारफुटीही. एलिझ व्हान काँपो यांनी १९८६ मध्ये आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोरचे दोन कोअर तपासले, एक १० अंश उत्तरेचा आणि एक १५ अंशांचा, म्हणजे गोवा-कारवारच्या सरळ रेषेतला. त्यांना २२,००० ते १८,००० वर्षांपूर्वीचा काळ अतिशय कोरडा दिसला आणि सुमारे ११,००० वर्षांपूर्वी (ही कार्बनी वर्षं) ओलाव्याचा कळस. त्या कळसाच्या पुराव्यात खारफुटीचा वाटा मोठा होता. आता सांगा, कांदळ वाढला तो पावसानं की चढत्या समुद्रानं? दोन्हीनं. पाऊस वाढला की खाडीत गोडं पाणी आणि गाळ वाढतो, ते खारफुटीला मानवतं. समुद्र चढताना सखल जमीन पाण्याखाली जाते, तेही मानवतं. कांदळाचा कण या दोहोंत फरक करत नाही.

म्हणूनच कारवारच्या निष्कर्षाला मी वजन देते. समुद्राची मोठी चढण सहा-सात हजार वर्षांपूर्वीच जवळपास संपली होती. ३५०० वर्षांपूर्वी खारफुटी घटली तेव्हा समुद्राकडे बोट दाखवायला फारशी जागा नव्हती, आणि तिच्याबरोबर डोंगरातलं ओलं रानही घटलं, गवताळ माळाचे कण वाढले. भरतीचं पाणी डोंगरावर चढत नाही. खाडी आणि घाटमाथा एकाच वेळी एकाच बाजूला झुकतात, तेव्हा दोघांवरच्या पावसाचा विचार करावा लागतो.

तुमच्या गाळाचं म्हणाल तर उद्याचा शहाणा शास्त्रज्ञ आधी डोंगराचे कण बघेल. त्यातले पुष्कळसे काजूचे निघतील, ते मात्र त्याला चक्रावून टाकतील.

प्रश्न : आमच्या तालुक्यातलं इनामगाव पाऊस कमी झाल्यानं ओस पडलं असं वाचलं आहे. तुमच्या कारवारच्या गाळानं त्याला पुष्टी मिळते ना? की लोकांनीच जंगल तोडलं? (एक वाचक, शिरूर)

उत्तर : पुष्टी म्हणण्याइतकी नाही. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून केलं. तिच्या अखेरच्या टप्प्यात, ज्याला उत्तर जोर्वे काळ म्हणतात, म्हणजे इ.स.पू. १००० ते ७०० च्या सुमाराला, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि पुढे गाव उठलं. म. के. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. पण तारखा शेजारी ठेवून बघा. कारवारचे ३५०० म्हणजे ढोबळमानानं इ.स.पू. सोळावं शतक, दुरुस्त्या धरल्या तर आणखी थोडं इकडेतिकडे. इनामगाव वसलं तेच इ.स.पू. १६०० च्या आसपास! म्हणजे किनारा कोरडा व्हायला लागला त्याच सुमाराला गाव सुरू झालं आणि त्यानंतरची काही शतकं चांगलं नांदलं. शिवाय काळी नदीच्या खोऱ्यात घोड नदीचं पाणी येत नाही. इनामगावसाठी साक्ष काढायची तर पूर्वेच्या समुद्राकडे जावं लागेल, आणि घोड भीमेतून कृष्णेला मिळते, तेव्हा गोदावरीसमोरचा कोअरही तिचा थेट साक्षीदार नव्हे.

कुऱ्हाडीचं उत्तर समुद्रातून देणं अवघड. अख्ख्या खोऱ्याची सरासरी काढताना एखाद्या गावानं केलेली कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, त्यात विरून जाते. जळक्या लाकडाचे बारीक कण आणि शेतातल्या तणांचा पराग एकदम वाढला तर संशय घ्यायला जागा असते. मी कारवारच्या बाबतीत पावसाच्या बाजूची आहे, पण त्यानंतरच्या दोन हजार वर्षांत माणसानं काहीच केलं नाही असं त्यातून निघत नाही.

प्रश्न : अंटार्क्टिकात ताडाची झाडं होती, असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. थाप ना? (एक वाचक, लातूर)

उत्तर : या वेळी नाही. अंटार्क्टिकाच्या विल्क्स लँड किनाऱ्यासमोर सुमारे चार किलोमीटर खोल पाण्यात २०१० मध्ये भोक पाडलं, त्यातल्या ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या थरात ताडाच्या कुळातले परागकण निघाले. योर्ग प्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच थरात गोरखचिंच आणि आपली काटेसावर ज्या उपकुळात येतात, त्या उपकुळाचेही कण होते. खंड तेव्हाही दक्षिण ध्रुवाकडेच होता, हिवाळ्यात दीर्घ काळोख असायचा, पण किनाऱ्यावर हिवाळ्याचं तापमान १० अंशांच्या वर होतं. ताडाला कडाक्याची थंडी सोसत नाही, त्यावरूनच हे अनुमान निघतं. मेसेजमध्ये ‘बर्फाखाली ताडाची बाग सापडली’ असं असेल तर तेवढं खोडून पुढे पाठवा.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे, वनस्पतिशास्त्र घेतलंय. हे काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : संस्था आहेत : पुण्याची आघारकर, लखनौची बिरबल साहनी, पुदुच्चेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट, आणि समुद्राच्या बाजूनं जायचं तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पण तिथे जाण्याआधी डोळा तयार करायला घे. जास्वंदीपासून सुरुवात कर, तिचा काटेरी कण इतका मोठा असतो की साध्या भिंगाखालीही दिसतो. मग कासच्या पठारावरचं गवत, घरामागची एरंडी, ओढ्याकाठचा करंज, जे फुलेल ते. कळी उमलायच्या बेतात असताना परागकोश काढ, काचपट्टीवर ग्लिसरीन-जेलीच्या थेंबात चुरड, वर झाकणकाच. रंगासाठी सॅफ्रनिन तुमच्या कॉलेजात असतंच. प्रत्येक पट्टीवर झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिही आणि त्याच झाडाची फांदी दाबून, वाळवून ठेव. ॲसिटोलिसिसची, म्हणजे कणाच्या आतला ऐवज जाळून नुसतं कवच उरवण्याच्या प्रक्रियेची, आम्लं मात्र मार्गदर्शक शेजारी असल्याशिवाय उघडायची नाहीत.